जुन्या डिपेंडन्सी बदलताना स्क्रीन रीडरचा आवाज जाऊ नये म्हणून

हा लेख पुण्यातल्या अशा मंडळींसाठी आहे, जी अंधांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरला मदत करायला स्वतःहून पुढे येतात. त्यात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पातून आलेली मुलंमुली असतात, हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत आठवडाभर राबून शनिवारी वेळ काढणारे प्रोग्रॅमर असतात आणि स्वतः एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा, विंडोजवरचा मुक्त स्क्रीन रीडर) वापरत पायथन शिकलेले अंध वापरकर्तेही असतात. काम बहुतेक वेळा एकाच प्रकारचं असतं. एखादं ॲड-ऑन, म्हणजे एनव्हीडीएला जादा सोय देणारा जोड-प्रोग्रॅम, बरीच वर्षं कुणी सांभाळलेलं नसतं, त्याच्या पोटातल्या लायब्रऱ्या (ज्यांच्यावर ते उभं असतं ते तयार कोडचे संच, म्हणजेच डिपेंडन्सी) जुन्या झालेल्या असतात, एनव्हीडीएची नवी आवृत्ती येते आणि ॲड-ऑन चालेनासं होतं.

होणारी चूकही ठरलेली आहे. सगळ्या लायब्रऱ्या एका दमात नव्या करायच्या, खिडकी उघडते एवढं डोळ्यांनी बघायचं आणि आवृत्ती सोडून द्यायची. मग कुणाच्या तरी संगणकाचा आवाज जातो. डोळस माणसाला निदान बिघाडाचा संदेश पडद्यावर दिसतो. इथे तो संदेश वाचून दाखवणारंच बंद पडलेलं असतं, आणि शेजारी कुणी नसेल तर त्या माणसाचा दिवस वाया जातो. म्हणून खालचा क्रम पाळा. उदाहरणं विंडोजवरच्या एनव्हीडीएची आहेत, पण लिनक्सवर ऑर्का या स्क्रीन रीडरसाठी काम करत असाल तरी क्रम बदलत नाही.

## १. आधी परतीची वाट तयार करा

कोडला हात लावण्याआधी हे करा. रोजच्या वापरातला, इन्स्टॉल केलेला एनव्हीडीए आहे तसाच ठेवा. प्रयोगासाठी वेगळी पोर्टेबल प्रत, म्हणजे इन्स्टॉल न करता फोल्डरमधून चालणारी, घ्या. ती एनव्हीडीएच्या टूल्स मेनूतून तयार होते, आणि नव्या आवृत्तीचा इन्स्टॉलर चालवला तर तिथेही पोर्टेबल प्रतीचा पर्याय मिळतो. सध्याच्या सेटिंग्जची नक्कल सोबत घ्यायची का, असं मेनूतून प्रत करताना विचारलं जातं. एक प्रत नक्कल घेऊन करा आणि दुसरी कोरी ठेवा. ॲड-ऑन कोऱ्या प्रतीत चालतं आणि नकलेच्या प्रतीत पडतं, असं झालं तर दोष बहुधा दुसऱ्या एखाद्या ॲड-ऑनशी होणाऱ्या टकरीत असतो.

पोर्टेबल प्रत गप्प झाली की कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबा. इन्स्टॉल केलेला एनव्हीडीए सुरू होतो आणि पोर्टेबल प्रतीची जागा घेतो. तोही बोलला नाही, तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू करता येतो. तिसरी वाट एनव्हीडीए बंद करण्याच्या खिडकीत आहे. एनव्हीडीए-की (नेहमी इन्सर्ट, किंवा सेटिंगमध्ये ठरवली असेल तर कॅप्स लॉक) आणि क्यू दाबल्यावर जी यादी येते, तिच्यात ॲड-ऑन बंद ठेवून पुन्हा सुरू करण्याचा पर्याय असतो.

ॲड-ऑनची शेवटची चालती फाइल जपून ठेवा. आतल्या लायब्रऱ्यांचा मूळ सोर्ससुद्धा आजच उतरवून घ्या. ज्या लायब्ररीकडे कुणी बघत नाही, तिची रेपॉझिटरी, म्हणजे इंटरनेटवरचं कोडचं भांडार, कधीही नाहीशी होऊ शकते.

इशारा: शास्त्री रस्त्यावरच्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारा किंवा विद्यापीठाच्या परीक्षेला बसलेला विद्यार्थी तुमचा टेस्टर असेल, तर परीक्षा संपेपर्यंत त्याच्या लॅपटॉपवर काहीही नवं टाकू नका. तो आग्रह करेल, कारण त्यालाही ते ॲड-ऑन हवं आहे. तरीही नको.

तपासणी: तुम्ही खोलीत नसताना, फक्त कीबोर्डच्या आधारे, टेस्टर जुन्या आवृत्तीवर परत येऊ शकतो का? एकदा प्रत्यक्ष करून बघायला सांगा. जमत नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. यादी करा, आणि ती फोल्डर उघडून करा

वेब प्रकल्पातून आलेली मंडळी आधी रिक्वायरमेंट्सची, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीची, फाइल शोधतात. एनव्हीडीएच्या ॲड-ऑनमध्ये ती पुरत नाही. वापरकर्त्याच्या संगणकावर पिप (पायथनच्या लायब्रऱ्या उतरवून बसवणारं साधन) चालत नाही, त्यामुळे लागणाऱ्या लायब्रऱ्या ॲड-ऑनच्या फोल्डरमध्येच कॉपी केलेल्या असतात आणि पुष्कळदा त्यांची आवृत्ती कुठेच लिहिलेली नसते. ॲड-ऑनची फाइल ही मुळात झिप असते. ती उघडा आणि एकेक फोल्डर बघा.

सापडतील त्या गोष्टी वेगळ्या करा. शुद्ध पायथनमधल्या लायब्रऱ्या एकीकडे. कंपाइल केलेल्या पीवायडी आणि डीएलएल फाइली दुसरीकडे. डेटा तिसरीकडे, म्हणजे ब्रेलचे तक्ते, उच्चारांचे शब्दकोश, ओसीआरची (चित्रातली अक्षरं ओळखण्याची) भाषेची फाइल.

यापुढचा प्रकार फोल्डरमध्ये दिसत नाही, आणि गफलत इथेच होते. ॲड-ऑन बऱ्याच गोष्टी एनव्हीडीएकडून उसन्या घेतं: डब्ल्यूएक्सपायथन, कॉमटाइप्स, कॉन्फिगऑब्ज, एनव्हीडीएची स्वतःची आतली मॉड्यूल्स आणि खुद्द पायथन. एनव्हीडीए बदलला की ॲड-ऑनमधली एकही ओळ न बदलता डिपेंडन्सी बदलते. २०१९.३ या आवृत्तीत एनव्हीडीए पायथन २ वरून ३.७ वर आला, २०२४.१ मध्ये ३.११ वर, आणि २०२६.१ मध्ये ३.१३ वर. त्याच २०२६.१ मध्ये तो ३२-बिटवरून ६४-बिटवरही आला. इतकी वर्षं कुणी न सांभाळलेल्या ॲड-ऑनला हे सगळे धक्के एकदम बसतात.

पायथनने स्वतःच्या भांडारातून काढलेली मॉड्यूल्स म्हणून आधी शोधा. इम्प आणि डिस्टयुटिल्स ३.१२ मध्ये गेली. आवाजाच्या डेटावर काम करणारं ऑडिओऑप ३.१३ मध्ये गेलं, आणि आवाजाशी खेळणाऱ्या आपल्या कामात तेच जास्त नडतं. पायडब ही लोकप्रिय लायब्ररी ऑडिओऑपवर उभी आहे. तुमच्या कोडमध्ये ऑडिओऑप हा शब्द कुठेच नसेल, तरी पायडब कॉपी केलेलं असेल तर ॲड-ऑन लोड होताना पडणार. शोध घेताना आपल्या फाइलींपुरता घेऊ नका, कॉपी केलेल्या लायब्रऱ्यांच्या आतही घ्या.

आणखी एक खाचखळगा. एनव्हीडीएसोबत येणारा पायथन पूर्ण नसतो. एनव्हीडीएला लागतात तेवढीच मॉड्यूल्स त्यात भरलेली असतात. तुमच्या साध्या पायथनवर चालणारी आयात एनव्हीडीएत फसते ती यामुळे. खात्री करायची तर एनव्हीडीए-की, कंट्रोल आणि झेड दाबून एनव्हीडीएचाच पायथन कन्सोल उघडा आणि तिथे आयात करून बघा.

आता तक्ता करा. रकाने असे: नाव, आवृत्ती, कुठून आणली, लायसन्स, शेवटची रिलीज कधीची, आपल्या कोडमध्ये कोण बोलावतं, आणि बंद पडली तर वापरकर्त्याचं काय होतं. शेवटच्या रकान्यात "एरर येते" असं लिहू नका. "सगळा आवाज जातो", "फक्त पीडीएफ वाचता येत नाही", "अपडेटची सूचना मिळत नाही" असं लिहा. कामाचा क्रम या रकान्यावरून ठरतो.

## ३. लायब्ररी सोडून दिलेली आहे की पूर्ण झालेली?

चार वर्षं रिलीज नाही म्हणजे लायब्ररी मेली, असा निष्कर्ष घाईचा आहे. मजकूर कापून ओळी करणारी शंभर ओळींची लायब्ररी एकदा नीट झाली की तिला हात लावायची गरज उरत नाही. उलट, दर महिन्याला कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) होणारी लायब्ररी आपल्या कामाची बाजू पार विसरलेली असू शकते. बघायचं ते असं: सध्याच्या पायथनवर तिच्या टेस्ट चालतात का, बिघाडाच्या तक्रारींना कुणी उत्तर देतं का, रेपॉझिटरीवर संग्रहित असा शिक्का आहे का, आणि कुणी जिवंत फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळी पुढे नेलेली आवृत्ती, चालवतंय का.

फोर्क शोधल्याशिवाय बदली लायब्ररीकडे जाऊ नका. मजकुराचा आवाज करणाऱ्या मूळ ईस्पीकचं काम थांबल्यावर २०१५ मध्ये त्यातूनच ईस्पीक एनजी निघालं, आणि आज एनव्हीडीएत मराठी बोलणारा आवाज त्याचाच आहे. ऑडिओऑपच्या बाबतीतही पायथनबाहेर ऑडिओऑप-एलटीएस या नावाने तेच मॉड्यूल वेगळं मिळतं. पण ते कंपाइल केलेलं आहे, म्हणजे यादीत पीवायडी प्रकारची आणखी एक वस्तू वाढली. दोन फंक्शनांसाठी ते घ्यायचं का, हा विचार करा.

मग प्रत्येक नावापुढे निर्णय लिहा: तशीच ठेवायची, फोर्क घ्यायचा, दुसरी घ्यायची, की काढून टाकायची. माझ्या मते काढून टाकणं हा सगळ्यात चांगला आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा पर्याय आहे. जुन्या ॲड-ऑनमध्ये नवी आवृत्ती आली का हे बघण्यासाठी इंटरनेटवर जाणारी अख्खी लायब्ररी तिच्या चार पोटलायब्रऱ्यांसकट भरलेली असते. २०२३.२ पासून एनव्हीडीएत ॲड-ऑन स्टोअर आहे आणि अपडेट तेच देतं. तो सगळा भाग बिनदिक्कत काढा.

इशारा: लायसन्स बघा. एनव्हीडीए जीपीएल या मुक्त लायसन्सच्या आवृत्ती २ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीखाली आहे, ईस्पीक एनजी जीपीएल आवृत्ती ३ खाली. "फक्त आवृत्ती २" असं लिहिलेला कोड आणि आवृत्ती ३ चा कोड एकत्र करून वाटता येत नाही.

इशारा: सोडून दिलेली लायब्ररी अचानक कुणी अनोळखी माणूस उत्साहाने चालवायला लागला असेल, तर थांबून नीट बघा. २०२४ च्या मार्चमध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार (बॅकडोअर) सापडलं, ते याच वाटेने आलं होतं. एकट्या, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास हळूहळू मिळवून ते आत घातलं गेलं. स्क्रीन रीडर तर वापरकर्त्याच्या पासवर्डपासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळ्याला स्पर्श करतो. नवी आवृत्ती घेताना जुनी-नवी यांतला फरक वाचा. छोट्या लायब्ररीला तेवढा वेळ देता येतो.

## ४. एका वेळी एकच बदला

नवी ब्रांच काढा. एक लायब्ररी, एक कमिट, एकदा चालवून बघणं, मग पुढची. कंटाळवाणं आहे, पण आवाज गेला तर कशाने गेला हे लगेच कळतं.

१. पायथनने काढून टाकलेल्या मॉड्यूल्सची बदली आधी करा. ती झाल्याशिवाय ॲड-ऑन लोडच होत नाही, त्यामुळे बाकी काही तपासता येत नाही.

२. मग शुद्ध पायथनच्या लायब्रऱ्या.

३. त्यानंतर कंपाइल केलेल्या. पीवायडी फाइल ज्या पायथनसाठी आणि जितक्या बिटांसाठी बनवली तिथेच चालते, आणि हे बहुधा तिच्या नावातच लिहिलेलं असतं. ३.११ आणि ३२-बिटसाठी बनवलेली फाइल २०२६.१ मध्ये चालणार नाही. ३२-बिट डीएलएल ६४-बिट प्रोसेसमध्ये लोड होत नाही, त्याला इलाज नाही. सोर्स हाताशी असेल तर पुन्हा बनवा. नसेल तर ती सोय काढावी लागेल किंवा वेगळ्या ३२-बिट प्रोसेसमधून चालवावी लागेल.

४. डेटा सगळ्यात शेवटी. तक्ते आणि शब्दकोश बदलले की लोड होताना काहीच पडत नाही, पण ऐकू येणारं आणि बोटांना लागणारं बदलतं.

तिसऱ्या पायरीवर थोडं थांबतो, कारण तिथला एक दोष फार फसवा आहे. सीटाइप्स वापरून डीएलएलमधलं फंक्शन बोलावताना ते काय परत देणार हे सांगितलं नाही, तर सीटाइप्स ३२-बिटचा पूर्णांक गृहीत धरतो. जुन्या एनव्हीडीएत पॉइंटरही (मेमरीतला पत्ता) ३२-बिटचाच होता, म्हणून वर्षानुवर्षं निभावून गेलं. ६४-बिटमध्ये पॉइंटरचा वरचा अर्धा भाग कापला जातो. लॉगमध्ये काही न लिहिता एनव्हीडीए कोसळतो, कधी सुरू होताच, कधी तासाभराने. त्यामुळे आपल्याकडे तर चालतंय म्हणून सोडून देऊ नका. सीटाइप्सचं प्रत्येक फंक्शन शोधा आणि ते काय घेतं, काय परत देतं, दोन्ही जाहीर करा.

तपासणी: प्रत्येक कमिटनंतर एनव्हीडीए पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, एनव्हीडीए-की आणि एफ१ दाबून लॉग उघडा आणि आपल्या ॲड-ऑनचं नाव शोधा. एनव्हीडीए बोलतोय याचा अर्थ ॲड-ऑन लोड झालं असा होत नाही. लोड न झालेलं ॲड-ऑन बाजूला ठेवून तो बोलत राहतो.

इशारा: मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲड-ऑनच्या माहितीच्या फाइलमध्ये, शेवटी कोणत्या एनव्हीडीएवर तपासलं, तो आकडा असतो. तेवढा आकडा वाढवला की ॲड-ऑन सुसंगत दिसायला लागतं, आणि अनेक जण तेवढंच करून मोकळे होतात. तो आकडा म्हणजे वापरकर्त्याला दिलेला शब्द आहे. पाचवा टप्पा झाल्याशिवाय त्याला हात लावू नका.

## ५. कानांनी आणि बोटांनी तपासा

एनव्हीडीएत स्पीच व्ह्यूअर आणि ब्रेल व्ह्यूअर आहेत. बोललं जाणारं आणि ब्रेलवर उमटणारं त्यांत पडद्यावर दिसतं. डोळस प्रोग्रॅमरने दोष शोधायला ती जरूर वापरावीत. पण स्पीच व्ह्यूअरमध्ये शब्द बरोबर दिसतो आणि कानाला चुकीचा ऐकू येतो, असं खुशाल होतं. म्हणून तपासणी करणारा माणूस रोज स्क्रीन रीडर वापरणारा हवा. पुण्यात अशी माणसं शोधणं अवघड नाही. कोथरूड-कोरेगाव पार्कच्या अंधशाळांतून शिकून पुढे गेलेले विद्यार्थी, बँकांतले कर्मचारी, शिक्षक आहेत. त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि रिक्षाचं भाडंही द्या.

विचारायचं कसं, हेही नीट ठरवा. "ताई, चालतंय ना?" असं विचारलं की "हो, चालतंय की" असंच उत्तर येतं. त्यापेक्षा काम द्या: "ताई, ही फाइल उघडा, तिसऱ्या परिच्छेदातली तारीख सांगा, मग मधेच वाचन थांबवून मागच्या ओळीवर या." आणि गप्प बसून बघा. त्या कुठे अडखळल्या, कोणती की दोनदा दाबली, हे लिहून घ्या.

मराठीसाठी तपासणीचा एक ठरलेला मजकूर जवळ ठेवा. त्यात हे असलंच पाहिजे.

"सह्याद्रीच्या दऱ्या" आणि "दर्या". "दऱ्या" दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा जुन्या पद्धतीने र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मजकूर साफ करणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्या अदृश्य चिन्हं कचरा समजून काढून टाकतात, आणि मग दऱ्यांचा दर्या होतो. चाचणीत दोन्ही तऱ्हा ठेवा.

"ॲप". यातला ॲ युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या तक्त्याला तो ठाऊक नसतो. अ वर चंद्र देऊनही तो लिहिला जातो, म्हणून इथेही दोन्ही ठेवा.

"बाळ", "बँक", "ऱ्हास", "१५ ऑगस्ट १९४७", "₹ ५०,०००" आणि एखादा दहा आकडी क्रमांक. शेवटचा फोन नंबरासारखा अंक-अंक वाचला जातो की अब्जांत, हे सेटिंगवर ठरतं, पण जुन्या आणि नव्या आवृत्तीत फरक पडायला नको.

उच्चारांइतकंच वेळेकडे लक्ष द्या. टेस्टरला त्याच्या नेहमीच्या वेगावरच ऐकू द्या. तो वेग तुम्हाला बहुधा कळणारही नाही, पण तुमच्यासाठी कमी करू नका, कारण काही दोष वेगातच बाहेर येतात. बाणाची की दाबल्यावर आवाज यायला आधीपेक्षा उशीर होतो का? कंट्रोल दाबताच बोलणं त्याच क्षणी थांबतं का? लोक इथे हमखास चुकतात. नवी ऑडिओ लायब्ररी आवाज मोठ्या तुकड्यांत पाठवते, कंट्रोल दाबल्यावरही अर्धं वाक्य संपेपर्यंत बोलत राहते, आणि डोळस माणसाला त्यात काही बिघडलं असं वाटत नाही. ओळीमागून ओळ झरझर ऐकत पुढे जाणाऱ्या माणसासाठी मात्र ते सॉफ्टवेअर निकामी असतं.

ब्रेलसाठी लिबलुइस या मजकुराचं ब्रेल करणाऱ्या लायब्ररीचे तक्ते वापरात आहेत. तक्त्याची आवृत्ती बदलली असेल तर तोच मजकूर जुन्या आणि नव्या तक्त्याने काढून फरक बघा, आणि मग भारती ब्रेल वाचणाऱ्याच्या हातात ब्रेल डिस्प्ले द्या. जोडाक्षरं आणि अंकचिन्ह या दोन जागा मुद्दाम वाचून घ्या.

तपासणी: टेस्टरने जुनी आवृत्ती बंद ठेवून निदान एक आठवडा नव्या पोर्टेबल प्रतीवर रोजची कामं केली का? अर्ध्या तासाच्या बैठकीत सापडत नाही ते आठवड्यात सापडतं.

## ६. आवृत्ती सोडताना

ॲड-ऑन स्टोअरमध्ये स्थिर, बीटा आणि डेव्ह असे वेगवेगळे मार्ग आहेत. आधी बीटावर टाका. सोबतच्या टिपणात पहिल्या दोन ओळी परत जुन्या आवृत्तीवर कसं जायचं याच्या असू द्या, आणि त्या कीबोर्डच्या भाषेत लिहा. "खालच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे" असलं काही नको. कोणती सोय काढली तेही स्पष्ट सांगा, म्हणजे वापरकर्ता स्वतःच्या संगणकात बिघाड शोधत बसणार नाही.

गणपतीत किंवा दिवाळीत गावी निघायच्या आदल्या दिवशी रिलीज करू नका. पुढचे दोन-तीन दिवस मेलला उत्तर द्यायला तुम्ही मोकळे असाल, असा दिवस निवडा. दहावी-बारावीच्या परीक्षांचे महिनेही टाळा.

इशारा: विसंगत ठरलेलं ॲड-ऑन वापरकर्ता स्वतःच्या जबाबदारीवर स्टोअरमधून सुरू करू शकतो. जुनी आवृत्ती असं करून वापरणारे लोक असतातच. जुनी आवृत्ती नव्या एनव्हीडीएत आवाज घालवते हे तुम्हाला कळलं असेल, तर ते ठळकपणे कळवा.

## ७. पुढच्या वर्षासाठी

एनव्हीडीएची वर्षातली पहिली आवृत्ती, म्हणजे नावात .१ असलेली, ॲड-ऑनची सुसंगतता मोडू शकते. तिची बीटा आली की त्याच आठवड्यात पोर्टेबल प्रतीवर आपलं ॲड-ऑन चालवून बघायचं, हे कॅलेंडरमध्ये टाका.

दुसऱ्या टप्प्यातला तक्ता रेपॉझिटरीतच ठेवा, प्रत्येक निर्णयाच्या कारणासकट. मराठीचा चाचणी-मजकूरही तिथेच असू द्या. रेपॉझिटरीच्या चाव्या कमीत कमी दोघांकडे हव्यात. कॉलेजच्या प्रकल्पातून निघालेल्या ॲड-ऑनचं खातं एखाद्या विद्यार्थ्याच्या कॉलेजच्या मेलवर असतं, आणि पास होऊन गेल्यावर तो मेल बंद होतो. हे आजच बदला. दुसरी चावी शक्यतो रोज ते ॲड-ऑन वापरणाऱ्या अंध सहकाऱ्याकडे द्या. त्याला कोड येत नसला तरी तक्रारी वाचणं, बीटा ऐकून बघणं आणि गरज पडली तर नवी आवृत्ती मागे घेणं हे तो करू शकतो. मागे घ्यायची कृती त्याच्याकडून एकदा करवून घ्या, आणि त्याला अडखळायला झालेल्या जागा त्याच फाइलमध्ये लिहून ठेवा.